जर्मनीत राहून वऱ्हाडी चॅनेल चालवायचंय: नर्सताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, जर्मनची बी-१ परीक्षा पास, बी-२ ची तयारी चालू. येत्या जानेवारीत नर्स म्हणून जर्मनीला जायचं घाटतंय आणि तिथून वऱ्हाडीत यूट्यूब चॅनेल चालवायचंय. कॅमेरा कोणता घेऊ, महिन्याला किती सुटतात, आणि पुढं नोकरी सोडून हेच करता येईल का, हे त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: "घरचे म्हणतात, परदेशात जाऊन तमाशे कायले करतं?"

ताई, मी तुमच्या शेजारचाच, मानोरा तालुक्यातला. २०१५ ला मास्टर्स करायला जर्मनीला गेलो, तिथंच स्टुटगार्टला नोकरी लागली, नोकरी लागल्यावर चॅनेल काढलं. २०२३ पासून गावात परत आहे. चॅनेल अजून चालू आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकू. हातातला मोबाईल पुरे. पैसे घालायचेच तर चांगल्या कॉलर माईकवर घाला. चित्र थोडं धुरकट असलं तरी लोक बघतात, पण आवाज वाऱ्यात उडाला की अंगठा वर सरकलाच. बस, एवढंच.

तुम्ही विचारलेला नाही तो प्रश्न जास्त मोठा आहे. परदेशी गेलेल्या माणसाचं चॅनेल चालतं नवेपणावर, आणि ते नवेपण लवकर सरतं. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ मुळात एका स्थलांतरिताचाच आहे. जावेद करीम हा यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक. जन्म पूर्व जर्मनीतला, वडील बांगलादेशी, आई जर्मन, १९९२ मध्ये घरचे अमेरिकेला गेले. २३ एप्रिल २००५ ला त्यानं १९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून तो सांगतो की यांची सोंड फार लांब असते. झालं, संपला व्हिडिओ. पहिली दोन वर्षं आपणही हेच करतो. ही बघा ट्राम, हा बघा बर्फ, ही बघा हत्तीची सोंड. लोक बघतातही. तिसऱ्या वर्षी बर्फ तुम्हालाच दिसेनासा होतो, कारण सकाळी साडेपाचला तो तुडवत ड्युटीवर जायचं असतं. मग काय दाखवणार? माझं चॅनेल तिथं येऊन वर्षभर अडून बसलं होतं.

सुरुवातीला कशानं चाललं तेही सांगतो. तुर्की माणसाच्या भाजीच्या दुकानात मी व्हिडिओ करत होतो. म्हटलं, "वा, सांबार भेटला बाप्पा!" आणि मोठी जुडी उचलली. खोलीवर येऊन निवडायला बसलो तर वासच येईना. पान तसंच, देठ तसाच, पण चव गवताची. ती पार्सली होती. कॅमेरा चालूच होता, मी जुडीकडं बघत बसलो आणि तोंडातून गेलं, "हे तं फसवलं ना बे." व्हिडिओ तसाच टाकला. खाली पुण्याकडची मंडळी विचारायला लागली, सांबार तर डोशासोबत असतो ना, त्याची जुडी कशी? मग अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती सगळे तुटून पडले. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, सांबारवडी खाल्ली नाही का कधी? चार दिवस खाली तेच भांडण. ट्राम आणि बर्फाच्या व्हिडिओंना मिळून जेवढे प्रेक्षक आले नव्हते तेवढे त्या फसलेल्या जुडीनं आणले.

त्यातून मी एक चूकही शिकलो, ती तुम्ही करू नका. मला वाटलं लोकांना वऱ्हाडी ऐकायची आहे, म्हणून पुढचे सहा महिने मी ठासून वऱ्हाडी बोललो. घरी मायशीसुद्धा बोलत नाही एवढी. 'मले-तुले'चा मारा, वाक्यागणिक 'बे'. गावातल्या एका काकांनी फोन करून सांगितलं, "तू आता आमची नक्कल कराले लागला." खरं होतं. वऱ्हाडी माणूस हसवण्यापुरताच असतो असं दाखवणारे आधीच कमी नाहीत, त्यात आपली भर कशाला? तुम्ही बहिणीशी फोनवर बोलता तसं बोला. एखादा शब्द प्रमाण भाषेतला आला तरी कुणाचं बिघडत नाही.

आता पैसे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा आपल्याला मिळतो, ४५ टक्के यूट्यूब ठेवतं. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा, तिथं निर्मात्यांच्या वाटणीला आलेल्या रकमेतले ४५ टक्के. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. ही हजार आणि चार हजारांची अट २०१८ च्या फेब्रुवारीत आली. त्याआधी एकूण १०,००० व्ह्यूज पुरत. मी जुनी अट पूर्ण करून निवांत बसलो होतो आणि डोळ्यांदेखत धुरा, म्हणजे बांधच, पुढं सरकला.

पण बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट वेगळीच आहे. जाहिरातीचा दर ठरतो बघणारा कुठं बसलाय त्यावरून. तुम्ही कुठं बसलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. तुम्ही स्टुटगार्टच्या चौकात उभं राहून व्हिडिओ केला आणि तो दिग्रस, पुसद, कारंज्यात पाहिला गेला, तर जाहिरात दिग्रसची आणि दरही दिग्रसचाच. घरभाडं मात्र युरोत. खर्च युरोत आणि कमाई रुपयात, असा हा उलटा धंदा आहे. माझा पहिला हप्ता चॅनेल काढल्यावर जवळपास सव्वा वर्षानं आला. तोही कसाबसा, कारण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे सुटतच नाहीत.

म्हणून 'नोकरी सोडून हेच करता येईल का' याचं माझं उत्तर: जर्मनीत असेपर्यंत नाही. चॅनेल म्हणजे कोरडवाहू आहे. एखाद्या वर्षी मृगात पेरलेलं सगळं साधतं, पुढच्या वर्षी तेच बियाणं, तेच वावर, आणि दुबार पेरणी. तुमची नर्सची नोकरी हे ओलित आहे. ओलित विकून कोरडवाहू कुणी घेत नाही. शिवाय तिथं तुमचं राहणंच नोकरीवर टेकलेलं असतं. नोकरी गेली की नुसता पगार जात नाही, परवान्याचाही प्रश्न उभा राहतो.

कागदांचं म्हणाल तर ते परिस्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळं सरसकट सांगत नाही. नर्सला तिथं गेल्यावर आधी आपल्या शिक्षणाची मान्यता मिळवावी लागते. त्या काळातला परवाना वेगळा, नंतरचा वेगळा. परवान्यावर किंवा कार्डासोबतच्या घडीच्या कागदावर लिहिलेलं असतं की स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय चालतो की नाही. यूट्यूबचे पैसे व्यवसायात मोडतात. व्हिडिओ टाकायला कुणी अडवत नाही, पैसे सुरू करण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. दवाखान्यालाही लेखी कळवा, कारण जोडधंद्याचं कलम नोकरीच्या करारात बहुधा असतंच. पगाराखेरीजची वरकमाई वर्षाला ४१० युरोच्या पुढं गेली की कराचं विवरणपत्र भरावं लागतं. दुसऱ्या देशात गेलात तर यातलं काहीच जसंच्या तसं लागू होणार नाही. इंग्लंडमध्ये विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय चालतच नाही, त्यामुळं तिथं शिकणाऱ्या पोरापोरींनी माझं बघून काही करू नये.

आणखी एक, आणि हे बाई म्हणून तुम्हाला जास्त महत्त्वाचं. कमाई करणाऱ्या चॅनेलवर आपलं खरं नाव आणि पत्ता जाहीर द्यावा लागतो, असा तिथला नियम आहे. मी खोलीचा पत्ता सरळ लिहून मोकळा झालो होतो. एका रविवारी दारात एक अनोळखी भाऊ हजर, "तुमचा फॅन आहे" म्हणत. माणूस चांगला होता, चहा पिऊन गेला. पण एकट्या राहणाऱ्या पोरीच्या दारात हे नको. पत्ता पुरवणाऱ्या सेवा पैसे घेऊन मिळतात, पहिल्या दिवसापासून ती घ्या.

वॉर्डात मोबाईल काढायचाच नाही. मागं पडदा असो, खाट रिकामी असो, तरी नाही. रुग्णाची गोपनीयता फोडणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. रस्त्यावरही कुणाचा चेहरा संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, १९०७ पासूनचा कायदा आहे हा. गर्दीचं दृश्य चालतं, एकट्या माणसावर कॅमेरा रोखलेला चालत नाही. आपल्याकडं बाजारात मोबाईल काढला की चार पोट्टे मागून हात हलवतात. तिथं लोक पोलीस बोलावतात.

अ‍ॅडसेन्सचा माझा घोळही ऐका. जाहिरातींचे पैसे गूगलच्या याच खात्यातून येतात. मी राहायला जर्मनीत आणि खात्याचा देश टाकला भारत, कारण बँक पासबुक गावचं होतं. १० डॉलर झाले की पिनचं पत्र पोस्टानं येतं. ते गावी आलं. बाबांना वाटलं बँकेची जाहिरात, त्यांनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरमागं खोचलं. पिन भरायला चार महिने मिळतात, ते उलटले आणि जाहिराती बंद. पत्र दिवाळीच्या साफसफाईत सापडलं. शिवाय खात्याचा देश नंतर बदलता येत नाही, नवीन खातंच काढावं लागतं. तेव्हा राहता तिथलंच खातं काढा आणि तिथल्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. अमेरिकेचा कराचा फॉर्मही लगेच भरा. २०२१ च्या जूनपासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर कपात होते आणि फॉर्मच भरला नसेल तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. गावी परत आल्यावर मी भारतातला रहिवासी म्हणून नव्यानं फॉर्म भरला, आता फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या हिश्श्यावर १५ टक्के जातात.

आता जे सांगतोय ते मी चॅनेलवर कधी बोललो नाही. तिसऱ्या वर्षी व्ह्यूज बसले होते, तेव्हा परदेशी पाठवणाऱ्या एका एजन्सीनं व्हिडिओचे चाळीस हजार रुपये देऊ केले. मी फक्त म्हणायचं होतं की यांच्यामार्फत या, काम पक्कं. मी म्हटलं. त्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा तपासली नव्हती. सात-आठ महिन्यांनी आमच्या आठवडी बाजारात एका माणसानं बाबांना गाठलं. बाबा वांगी घेत होते. तो माणूस म्हणाला, "तुमच्या पोराच्या तोंडाकडं पाहून पैसे भरले. पोरगं घरीच बसून हाय." भांडला नाही, आवाज चढवला नाही, एवढं बोलून निघून गेला. बाबांनी रात्री फोनवर मला तेवढंच सांगितलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फोन मायजवळ दिला. मी तो व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकला, ते चाळीस हजार त्या घरी पोचवले. त्यांचे गेले होते त्याच्या पावपटही ते नव्हते.

तुम्ही नर्स आहात, म्हणजे तुमच्याकडं असे लोक माझ्यापेक्षा लवकर येतील. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मनीचं नाव झालंय, आणि नाव झालं की दलाल आलेच. साबणाची जाहिरात करा, मसाल्याची करा. माणूस पाठवण्याची करू नका.

गावातही परिणाम होतात. व्ह्यूज सगळ्यांना दिसतात, कमाई कुणाला दिसत नाही. एका व्हिडिओला लाखभर व्ह्यूज झाले त्या वर्षी कापूस वेचणाऱ्या बायांनी मायला किलोमागं दोन रुपये वाढवून मागितले, "पोरगा टीव्हीत आला ना तुमचा." मायनं दिले. मी इकडं आठवड्याच्या भाजीचा हिशेब लावत बसलो होतो.

आता अडकलेलं चॅनेल कसं निघालं ते. एका वर्षी पोळ्याला सुट्टी टाकून आलो होतो. आदल्या संध्याकाळी बाबांनी बैल धुतले, पळसाच्या पानानं हळद आणि गरम तूप खांद्यांना चोळलं आणि दरवर्षीसारखं कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी मोबाईल खाटेच्या पायाला टेकवून ठेवला होता, एवढंच. त्यात ना मी होतो, ना माझं बोलणं. बावीस मिनिटांत बैलाच्या घंटीचा आवाज, बाबांचं पुटपुटणं आणि मधेच शेजारचं ट्रॅक्टर. संगीत लावलं नाही हे बरंच झालं. पोळ्याची कॅसेटमधली गाणी लावली असती तर कंपनीचा दावा येऊन कमाई तिकडं गेली असती.

महिन्याभरानं आकडे उघडले तर नकाशाच बदललेला. बघणारे जर्मनीत, अमेरिकेत, दुबईत. पुसदची पोरगी टेक्सासात, मंगरूळपीरचा पोरगा म्युनिकमध्ये. व्ह्यूज सांबारच्या व्हिडिओपेक्षा कमी होते, पैसे जास्त. एवढी वर्षं मी जर्मनी गावाला दाखवत होतो आणि गाव बघायला जर्मनीत माणसं बसली होती. तिथून मी उलटं केलं. कढई-तव्यापासून बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांपर्यंत गावाकडचं सगळं, आणि अधूनमधून तिकडचं. परत यायचा निर्णय नुसता चॅनेलमुळं घेतला नाही, बाबांचा गुडघा हे मोठं कारण. पण परत आल्यावर चॅनेल तुटलं नाही ते यामुळं. आता खर्च रुपयात आहे, त्यामुळं कोरडवाहूवरही भागतं. तूर आणि हरभरा आहेच.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पहिली दोन वर्षं जर्मनी दाखवा, मनापासून दाखवा, ती नवलाई पुन्हा येत नाही. नर्सचं काम, भाषेची फजिती, डिसेंबरात दुपारी साडेचारला पडणारा अंधार, पहिली रात्रपाळी, हे सगळं वॉर्डाबाहेर बसून सांगा. तुमच्यामागून येणाऱ्या पोरींना ते कामाचं आहे. आठवड्याला एक व्हिडिओ पुरे, तीन पाळ्यांत त्याहून जास्त झेपत नाही. संध्याकाळी सातला गावात जेवणं उरकतात, तेव्हा व्हिडिओ पडावा म्हणजे तिकडं उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागं गेली की अडीच. त्यासोबत गाव हळूहळू साठवत राहा. घरच्यांना 'तमाशा'चं उत्तर तोंडी देऊ नका. पहिल्या वर्षी त्यांनाच एखाद्या व्हिडिओत घ्या. माझे बाबा मोबाईल बघून तोंड फिरवायचे, आता बंडी जुंपायच्या आधी विचारतात, "लावला काय रे तुवा?"

जानेवारीत निघणार म्हणजे हाती दिवाळी आणि वेचणीचा हंगाम आहे. कपडे-मसाल्यांच्या बॅगा नंतर भरा, आधी दहा-बारा तास गाव भरून घ्या. पऱ्हाटीतली वेचणी, घरातले रोडगे, मायचं चुलीपुढचं बोलणं. आजी असेल तर तिची भुलाबाईची गाणी, सगळीच्या सगळी, अडखळत म्हटलेली सुद्धा. दोन ठिकाणी साठवा. आणि आजीला बसवाल त्या खोलीतला पंखा आधी बंद करा. माझ्याकडं माझ्या आजीची सात गाणी आहेत, आणि सातही गाण्यांत पंख्याचा आवाज तिच्यापेक्षा मोठा आहे.